चोवीस तासांचे पाणी आणि जमिनीखालचे टाके

नागपूरच्या पश्चिम भागातील धरमपेठ ही शिकलेल्यांची आणि राजकीयदृष्ट्या वजनदार वस्ती मानली जाते. मुलांना वाहतुकीचे नियम खेळता खेळता कळावेत म्हणून उभारलेले ट्रॅफिक पार्क याच भागात आहे, आणि मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचलेल्या देवेंद्र फडणवीसांचे नागपुरातील घरही याच परिसरातले. अशा वस्तीच्या नागरी वर्तनाचा सर्वांत बोलका पुरावा मात्र बहुतेक घरांच्या आवारात सिमेंटच्या झाकणाखाली दडलेला असतो. जमिनीखाली एक टाके, त्यावर एक मोटर आणि गच्चीवर प्लास्टिकची काळी टाकी, ही तिहेरी व्यवस्था महापालिकेवरील अविश्वासातून उभी राहिली असून, तो अविश्वास सर्वांना इतका अंगवळणी पडला आहे की बांधकामाच्या नकाशातही त्याला हक्काची जागा मिळते.

गंमत अशी की हा अविश्वास दूर करण्याचा देशातील एक मोठा प्रयोग याच वस्तीत सुरू झाला. महापालिकेच्या दहा झोनपैकी धरमपेठ झोनची निवड चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या पथदर्शी प्रकल्पासाठी, म्हणजे संपूर्ण शहराआधी एका भागात करून पाहायच्या चाचणीसाठी झाली. पुढे मार्च २०१२ पासून संपूर्ण शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे २५ वर्षांच्या करारावर सोपवण्यात आले. व्हिओलिया ही फ्रेंच कंपनी आणि नागपूरचा विश्वराज समूह यांची ही भागीदारी. जलवाहिन्या, जलकुंभ आणि पाणी यांची मालकी महापालिकेकडेच राहिली. तरीही ‘पाणी विकले’ हा आरोप निवडणुकीच्या भाषणांत कायम राहिला, कारण मालकी आणि व्यवस्थापन यांतील फरक सभेत समजावून सांगण्याइतका वेळ कोणत्याच पक्षाकडे नसतो.

चोवीस तास पाणी म्हणजे चैन, हा समज या प्रयोगाच्या वाटेतील पहिला अडथळा होता आणि आजही आहे. पाणी अखंड ठेवण्यामागचा मूळ हेतू मुबलकतेपेक्षा शुद्धतेशी जोडलेला आहे. जलवाहिनी भरलेली आणि दाबाखाली असली की तिच्या सांध्यातून किंवा तड्यातून पाणी बाहेर झिरपते, पण बाहेरचे काही आत शिरू शकत नाही. पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होऊ लागते, आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही खाली जाऊ शकतो, आणि मग शेजारच्या गटाराने ओली झालेल्या मातीतील पाणी त्याच तड्यातून आत खेचले जाते. शुद्धीकरण केंद्रात कितीही काटेकोर प्रक्रिया केली तरी या शेवटच्या टप्प्यात तिच्यावर पाणी फिरते. नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरलेले असावे असे भारतीय मानक सांगते. हा अवशिष्ट क्लोरिन म्हणजे वाटेत शिरणाऱ्या जंतूंसाठी राखून ठेवलेला साठा असतो, पण वाहिनीच गटाराचे पाणी ओढू लागली तर तो पुरा पडत नाही.

येथेच टुल्लू या छोट्या विजेच्या पंपाचा प्रवेश होतो. पाणी दुमजली घराच्या वरच्या नळापर्यंत आपोआप चढायचे तर वाहिनीत सुमारे १२ मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब लागतो. दाब कमी पडला की एखादे घर नळालाच थेट पंप जोडते, त्यामुळे शेजारच्या घरचा दाब घटतो, मग शेजारीही पंप आणतो, आणि थोड्याच काळात संपूर्ण गल्ली एकाच वाहिनीतून पाणी ओढण्याच्या शर्यतीत उतरते. प्रत्येक घराच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचाच असतो. अशा सर्व निर्णयांची बेरीज मात्र अशी होते की वाहिनीत पोकळी निर्माण होऊन सर्वांच्याच माठात गटाराचा अंश येतो, आणि त्यावर उपाय म्हणून प्रत्येक जण स्वतंत्रपणे महागडे शुद्धीकरण यंत्र विकत घेतो.

साठवणीचे दुष्परिणाम याहून व्यापक आहेत. ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या घरांत आजचे पाणी आले की कालचे ‘शिळे’ ठरून मोरीत ओतले जाते, आणि टंचाईच्या भीतीपोटीच नासाडी वाढते. डेंगीचा प्रसार करणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून सर्व भांडी रिकामी करायला सांगतो. ड्रम आणि गुंड रिकामे करता येतात. हजारो लिटरचे जमिनीखालचे टाके दर आठवड्याला कोण उपसणार, हे त्या विभागालाही ठाऊक असावे.

अर्थात, नागरिकांच्या संशयाला आधारच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शहराचे बहुतांश पाणी पेंच नदीवरील तोतलाडोह आणि त्याखालच्या नवेगाव खैरी जलाशयातून येते, आणि नदीच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून या साठ्याचे गणित बदलले आहे. जुलै २०१९ मध्ये पावसाने ओढ दिल्यावर तोतलाडोह जवळजवळ कोरडा पडला आणि चोवीस तासांचे स्वप्न पाहणाऱ्या शहरावर एक दिवसाआड पाण्याची पाळी आली. त्या दिवसांत टाके बांधणारे दूरदर्शी ठरले. उलट २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, एकेकाळी शहराला नळाचे पाणी पुरवणारा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. अशा वेळी पुराचा गाळ सर्वप्रथम शोधतो ते जमिनीखालचे टाकेच.

राजकारणाला या प्रश्नात खरा रस पाण्याच्या दरापुरताच असतो. नागपूरच्या नियमावलीत पाणीदरात दरवर्षी पाच टक्के वाढीची तरतूद आहे, आणि ती वाढ रद्द करण्याची मागणी हा जणू वार्षिक सोहळाच झाला आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून महापालिका प्रशासकाच्या हाती गेली, तेव्हा पुढची जवळपास चार वर्षे ही मागणी कोणाकडे करायची हाच प्रश्न होता. कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि वापरानुसार चढत जाणारे दर स्वीकारून चोवीस तास पाणी दिले, हे उदाहरण राज्यात अनेकदा सांगितले जाते; मोठ्या शहरांत ते ऐकले जाते आणि तेथेच थांबते.

मीटरविषयीची एक तक्रार मात्र शास्त्रीयदृष्ट्या खरी आहे. रिकाम्या वाहिनीत पाणी सोडले की आधी हवा पुढे ढकलली जाते, ती मीटर फिरवते आणि ग्राहकाला हवेचेही बिल येते. याच्या उलट घडणाऱ्या गोष्टीची तक्रार मात्र कोणी करीत नाही. टाकी भरत आली की तिच्यातील तरंगता चेंडू नळ जवळजवळ बंद करतो, पाणी अगदी बारीक धारेने येत राहते, आणि ही धार इतकी मंद असते की मीटरची चाके हलतही नाहीत. ते पाणी महापालिकेच्या हिशेबात गळतीच्याच रकान्यात जमा होते.