परसातील भोपळा आणि त्याचे शत्रू

अहिल्यानगर जिल्ह्याची भूमी एकसारखी नाही. पश्चिमेकडील अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत पाऊस धो धो कोसळतो, तर पूर्वेकडील पाथर्डी, जामखेड, कर्जत या भागांत एकेका सरीची वाट पाहावी लागते. तरीही या जिल्ह्यात कोठेही जा, एक दृश्य हटकून आढळते. मृगाचा पाऊस पडून गेला, की घरामागील उकिरड्याच्या कडेला किंवा मोरीचे पाणी जेथे वाहून जाते तेथे एखादे आळे केलेले असते. त्यात भोपळ्याच्या चार-दोन बिया टोचलेल्या असतात. श्रावण उजाडेपर्यंत तो वेल गोठ्याच्या छपरावर चढतो, आणि दिवाळीच्या सुमारास त्या छपरावर तांबूस रंगाची डांगरे ऊन खात पहुडलेली दिसतात. नीट पिकलेले डांगर कोरड्या जागी ठेवले, तर कित्येक महिने टिकते. घरात भाजी नसेल त्या दिवशी त्याची फोड कामी येते आणि सणाला त्याचेच घारगे होतात. म्हातारीला आपल्या पोटात बसवून रानातून सुखरूप घरी आणणारा गोष्टीतील भोपळा मुलांना इतका आपला वाटतो, याचे कारण हेच असावे.

अशा वेलाला मोठे शास्त्र लागत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. वेल वाढण्यापुरता तो खरा आहे. पण वेल वाढणे निराळे आणि फळ हाती येणे निराळे. रोप जमिनीबाहेर डोके काढते तेव्हापासून फळ पक्व होईपर्यंत त्याच्यावर एकामागून एक शत्रू टपलेले असतात. त्यांनी वेल नेला, तर केवळ एका हंगामाची भाजी जाते असे नाही. परसातला भोपळा बहुधा घरच्याच बियांचा असतो. आईने लेकीला, सासूने सुनेला दिलेले ते बी राखेत घोळून, मडक्यात जपून ठेवलेले असते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच देशी भाज्यांचे आणि धान्यांचे बियाणे गोळा केले, वाढवले आणि गावोगावच्या स्त्रियांना वाटले. शाळेची पायरीही न चढलेल्या या बाईंच्या कार्याबद्दल भारत सरकारने त्यांना २०२० साली पद्मश्री किताब जाहीर केला. घरातले शेवटचे बी पेरावे आणि तेच रोप किडीने खावे, ही हानी बाजारातून पुडी आणून भरून निघण्यासारखी नसते.

भोपळ्याचा पहिला वैरी म्हणजे तांबडा भुंगेरा. हा जेमतेम मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा, पाठीवर नारिंगी-तांबडा व पोटाकडे काळा असा चपळ किडा आहे. बी रुजून दोन जाड दले उघडली, की तो त्यांवर उतरतो व त्यांना भोके पाडतो. या कोवळ्या वयात रोपापाशी दुसरी शिदोरी नसल्यामुळे एक-दोन दिवसांतच रोप मरते. पुढे चार-पाच खरी पाने फुटली आणि वेल धावू लागला, म्हणजे भुंगेऱ्याने काही पाने कुरतडली तरी वेल ती हानी सोसतो. म्हणून भुंगेऱ्याशी खरी झुंज पहिल्या दोन-तीन आठवड्यांचीच असते.

ऊन चढले की हा किडा हाताला लागत नाही. चाहूल लागताच तो भुर्रकन उडतो. पण सकाळी, पानांवर दंव असताना, तो सुस्त असतो. त्या वेळी साबणाच्या पाण्याचे भांडे पानाखाली धरून पान हलकेच झटकले, की तो आपोआप आत पडतो. हे काम कंटाळवाणे खरे. पण परसात आळी असतात दोन किंवा तीन, आणि तेवढ्यांसाठी रोज सकाळची दहा मिनिटे पुरतात. खेड्यातील बायका दवाने ओल्या पानांवर चुलीतली राख भुरभुरतात, तीही कामाची आहे, कारण राखेचा थर असलेले पान भुंगेऱ्याला रुचत नाही. मात्र राख पूर्ण विझलेली असावी, आणि पाऊस पडून गेल्यावर ती पुन्हा टाकावी लागते, हे विसरता कामा नये. याहूनही सोपी युक्ती म्हणजे आळ्यावर काटक्यांची कमान करून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा पसरणे व त्याच्या कडा मातीने दाबून टाकणे. फुले येऊ लागली, की हे आच्छादन काढलेच पाहिजे. तसे का, ते पुढे दिसेल.

इतके करूनही पुढच्या वर्षी भुंगेरे पुन्हा हजर होतात. ते येतात कोठून? मादी आपली अंडी पानावर घालीत नाही. वेलाच्या बुंध्याजवळच्या ओलसर मातीत घालते. अळ्या मातीतच राहून मुळे खातात आणि जमिनीला टेकलेल्या फळाची साल पोखरतात. तेथेच त्या कोष करतात आणि त्यातून नवा भुंगेरा बाहेर पडतो. म्हणजे पानावर जो दिसतो, तो या किडीच्या आयुष्याचा एकच भाग आहे; उरलेला भाग पायांखालच्या मातीत गेलेला असतो. यासाठी फळाखाली वाळलेल्या गवताची चुंबळ किंवा फरशीचा तुकडा ठेवावा, म्हणजे फळ मातीला टेकत नाही.

भोपळा, दुधी, काकडी, दोडका या सर्वांवर ताव मारणारा हा भुंगेरा कारल्याच्या वेलाला मात्र सहसा शिवत नाही. यावरून कारल्याचा कडूपणा त्याच्या कामी आला असे कोणी म्हणेल, तर ते अर्धेच खरे. भोपळवर्गाचा जो दुसरा शत्रू, त्याला कारले फार आवडते.

हा दुसरा शत्रू म्हणजे फळमाशी. घरातल्या माशीएवढीच, पण अंगाने तांबूस, पाठीवर पिवळ्या खुणा आणि पंखांवर तपकिरी डाग अशी ही माशी दिसायला सुरेख असते. तिच्या मादीच्या शेपटाकडे सुईसारखी नळी असते. कोवळ्या फळाच्या सालीत ती नळी खुपसून मादी आत अंडी घालते. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि पांढऱ्या अळ्या गर खात खात आत शिरतात. बाहेरून फळावर केवळ टाचणीच्या टोकाएवढी खूण आणि तीतून पाझरलेला डिंकासारखा थेंब दिसतो. थोड्याच दिवसांत फळ वाकडे होते, मऊ पडते, कुजते आणि गळते. पूर्ण वाढलेली अळी मग फळातून बाहेर पडते, अंगाचे वेटोळे करून टुणकन उडी मारते आणि मातीत शिरून कोष करते. उबदार हवेत अंड्यापासून माशीपर्यंतचा हा सारा प्रवास दोन-तीन आठवड्यांत आटोपतो.

आता किडके फळ दिसले, की घरोघरी काय करतात? ते उचलून उकिरड्यावर टाकतात. आणि भोपळ्याचा वेल तर उकिरड्याच्याच कडेला लावलेला! फळातील अळ्यांना कोष करण्यासाठी ऊबदार, भुसभुशीत जागा मिळते आणि बाहेर पडलेल्या माशांना चार पावलांवर कोवळी फळे मिळतात. वेलाची मालकीण आपल्या वैऱ्याला असा आपल्याच हाताने आसरा देते आणि दोष मात्र हवेला, बियांना किंवा कोणाच्या दृष्टीला लावते. किडलेली फळे रोज वेचून एक तर दीड-दोन फूट खोल पुरून वर माती दाबावी, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात चांगली तापू द्यावी. फळमाशीच्या बंदोबस्तात याहून महत्त्वाचे दुसरे काम नाही. उरलेली फळे वाचवण्यासाठी, फळ धरल्यावर दोन-तीन दिवसांत त्याला जुन्या वर्तमानपत्राची सैलसर पिशवी बांधावी. शेतात हे जमणार नाही, परसात सहज जमते.

परंतु गळलेले प्रत्येक फळ माशीनेच गाळलेले असते असे नाही, आणि परसबागेतील सर्वांत मोठी चूक येथेच घडते. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन तऱ्हांची फुले येतात. लांब, बारीक देठाची ती नरफुले. ज्या फुलाखाली इवलासा भोपळा दिसतो, ते मादीफूल. आरंभी काही दिवस बहुतेक नरफुलेच येतात व गळून जातात, त्याची चिंता करण्याचे कारण नाही. भोपळ्याचा पराग जाड व चिकट असल्यामुळे वारा तो वाहून नेऊ शकत नाही. मधमाशीने तो आपल्या अंगावर वाहून नेला, तरच फळ धरते. त्यासाठी वेळही थोडाच असतो. फूल पहाटे उमलते आणि ऊन तापले की मिटते. ज्या मादीफुलाला त्या अवधीत पराग मिळाला नाही, त्याखालचा छोटा भोपळा पिवळा पडतो आणि गळतो.

हे दृश्य पाहून घरचा माणूस कीड लागली असे समजतो व दुकानातून औषध आणून सकाळच्या प्रहरी फुलांवर मारतो. मधमाश्या मरतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून अधिक फळे गळतात. मग आणखी औषध येते. हा फेरा टाळण्यासाठी गळालेले फळ चाकूने कापून पाहावे. आत अळ्या असतील, तर ती फळमाशी. आत काही नसेल आणि सालीवर छिद्रही नसेल, तर उणीव परागाची आहे. अशा वेळी सकाळी लवकर ताजे नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि त्यातील परागाची दांडी मादीफुलाच्या मध्यभागी हळुवार फिरवावी. मधमाशीचे काम माणसाच्या हाताने होते.

लहानसहान किडींची यादी पुष्कळ मोठी आहे. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो व रस शोषतो. पाने चुरमडतात आणि त्यांवर चिकट पाणी पडते. थोडा असेल, तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन निघतो. मावा आणि पांढरी माशी या किडी वेलांचे रोगही पसरवतात. पाने पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची होऊन आक्रसली, तर तो वेल उपटून टाकणेच बरे, कारण त्या रोगाला औषध नाही. माव्याच्या वस्तीत पुष्कळदा लाल, गोल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे फिरताना दिसतात. त्यांना मारू नये, कारण ते व त्यांच्या करड्या-काळ्या अळ्या मावा खातात. त्यांचाच एक भाऊबंद मात्र पाने खरवडून त्यांची जाळी करतो. मित्राचे अंग गुळगुळीत, चकचकीत असते. या भाऊबंदाच्या अंगावर बारीक लव असून रंग मळकट दिसतो, ठिपके पुष्कळ असतात आणि त्याची अळी पिवळी, काटेरी असते.

हाताने काम भागत नसेल, तर आधी निंबोळीचा अर्क वापरावा. उन्हाळ्याच्या अखेरीस निंबोळ्या पडतात, त्या वेचून, धुऊन सावलीत वाळवाव्यात. ५० ग्रॅम निंबोळ्या जाडसर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवल्या, दुसऱ्या दिवशी ते पाणी फडक्याने गाळले आणि त्यात चिमूटभर साबण विरघळवला, की अर्क सिद्ध झाला. तो त्याच दिवशी, तोही फुले मिटल्यानंतर, सायंकाळी फवारावा. कीड याने तत्काळ मरून पडत नाही. तिची भूक मंदावते आणि वाढ खुंटते, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारावे लागते. गंधकाची भुकटी इतर पिकांना चालत असली, तरी या वेलांची पाने तिने करपू शकतात. कोणती कीड आहे हे ओळखू येत नसेल, तर पान किंवा फळ घेऊन जाणकाराकडे जावे. या जिल्ह्यात तशी वाण नाही. राहुरीला १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषि विद्यापीठ आहे आणि बाभळेश्वर येथे कृषि विज्ञान केंद्र आहे.

फळमाशीसाठी अलीकडे सापळेही मिळतात. प्लॅस्टिकच्या डबीत एका सुवासिक द्रव्यात भिजवलेला लाकडाचा तुकडा असतो. त्या वासाने नर माशा आत येतात व अडकतात. नर उणावले, की माद्यांची अंडी फळत नाहीत. हे द्रव्य घेताना ते क्यू-ल्यूर आहे ना, हे विचारून घ्यावे. आंब्यासाठी जे द्रव्य वापरतात ते आंब्याच्या माशीला भुलवते, भोपळ्याच्या माशीला नव्हे.

मात्र एकट्या परसात सापळा टांगून फारसे साधत नाही, कारण शेजारच्या परसातील माशी कुंपण ओळखत नाही. जपानच्या ओकिनावा बेटांवर हीच माशी शिरली होती. कारले हे तिथल्या लोकांचे नित्याचे अन्न. पण माशीच्या भीतीने ते जपानच्या मुख्य भूमीवर पाठवण्याची मनाई होती. तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी सापळ्यांनी नरांची संख्या घटवली आणि किरणांच्या साहाय्याने निर्बीज केलेले असंख्य नर बेटांवर सोडले. प्रथम कुमे नावाच्या एका लहान बेटावर १९७८ साली यश आले आणि १९९३ पर्यंत सारी ओकिनावा बेटे माशीमुक्त झाली. बेटाला चहूकडून समुद्राचे कुंपण असते, तसे आपल्या वस्त्यांना नाही. तरी एका आळीतल्या दहा-बारा घरांनी एकाच वेळी सापळे लावले आणि किडकी फळे उकिरड्यावर न टाकता पुरली, तर त्या आळीपुरता फरक एका हंगामात दिसू लागतो.

शेवटचे डांगर उतरवल्यावर वाळलेला वेल तसाच पडू देऊ नये. तो मुळासकट उपटावा आणि आळ्याची माती वीतभर खोल खणून उलटीपालटी करावी. मातीत दडलेले कोष मग वर येतात. काही उन्हाने मरतात, उरलेले चिमण्या, साळुंक्या आणि घरच्या कोंबड्या वेचून खातात. पुढच्या मृगाला भोपळ्याचे बी त्या आळ्यात न टोचता दुसरीकडे टोचावे, आणि त्या जागी मेथी किंवा घेवडा लावावा.