कागदाची तारकशी

कागदाच्या सरळ पट्टीला स्वतःचें असें कांहीं रूप नसतें. ती सुईभोंवतीं गुंडाळून सोडून दिली कीं उलगडूं पाहते. परंतु पूर्ण उलगडत नाहीं. अर्ध्या वाटेवर थांबते आणि एक सुबक वेटोळें तयार होतें. कागदाच्या या स्वभावावर एक संपूर्ण हस्तकला उभी आहे. इंग्रजींत तिला 'क्विलिंग' म्हणतात. क्विल म्हणजे पक्ष्याचें पीस. पूर्वीं या पट्ट्या पिसाच्या देठाभोंवतीं गुंडाळीत, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. मराठींत तिला कागदाची तारकशी म्हटलें तर वावगें होणार नाहीं. कारण सोन्यारुप्याच्या तारकामाची नक्कल करण्यासाठींच ती वाढली.

सोळाव्या व सतराव्या शतकांत युरोपांतील कॅथलिक मठांतून संतांचे अवशेष ठेवण्यासाठीं शोभिवंत पेट्या व चौकटी तयार होत. जेथें संपत्ति असे, तेथें त्यांवर खऱ्या सोन्याचें तारकाम चढे. जेथें ती नसे, तेथील मठवासिनींनीं कागदाच्या पट्ट्यांच्या कडांना सोनेरी मुलामा दिला आणि त्यांचीं वेटोळीं करून तेंच काम साधलें. येथें मौजेची गोष्ट अशी कीं, वेटोळें उभें बसवीत असल्यामुळें पाहणाऱ्यास कागदाची पाठ दिसतच नाहीं. दिसते ती केवळ कड. तेव्हां मुलामा द्यावयाचा तो कडेलाच! मेणबत्तीच्या उजेडांत सोनें कोणतें आणि कागद कोणता, हें ओळखणें सोपें नसे.

अठराव्या शतकांत ही कला इंग्लंडांतील खानदानी स्त्रियांच्या हातीं आली. १७८६ सालीं 'न्यू लेडीज मॅगझिन' या मासिकानें तिचे नमुने छापले. चहा तेव्हां महाग, म्हणून तो कुलुपाच्या लहान पेटींत ठेवीत. सुतार अशा पेट्यांच्या बाजू मुद्दाम खोलगट करून विकीत, आणि त्या खोलगट भागांत घरच्या लेकीसुना कागदाचीं वेटोळीं भरीत. तिसऱ्या जॉर्ज राजाची कन्या एलिझाबेथ हिलाहि या कामाचा नाद होता. जेन ऑस्टिनच्या १८११ सालच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या कादंबरींत लूसी एका लहान मुलीसाठीं अशीच टोपली करीत बसते, आणि एलिनॉर पट्ट्या वळूं लागण्याचें निमित्त करून तिच्याशीं खाजगी बोलणें काढते. वाती वळतां वळतां आपल्याकडे किती घरांतलीं गुपितें बाहेर पडलीं असतील, तें ज्यानें पाहिलें असेल त्याला हा प्रसंग परका वाटणार नाहीं. हात गुंतलेले आणि जीभ मोकळी, असें हें काम आहे.

त्याचें साहित्य थोडें. साधारण तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या, एक जाड सुई, चिमटा आणि पांढरा डिंक एवढ्यावर काम भागतें. कागद मात्र पारखून घ्यावा. फार पातळ कागद उभा राहत नाहीं, फार जाड वळत नाहीं. दर चौरस मीटरला शंभर ते सव्वाशें ग्रॅम वजनाचा मध्यम कागद चांगला. तो एकदां उभा व एकदां आडवा, घडी न घालतां हलकेच वाकवून पाहावा. एका बाजूनें तो सहज वांकतो, दुसऱ्या बाजूनें अडतो. कारण कागदांतील तंतू बहुतेक एकाच दिशेनें निजलेले असतात. पट्टी अशी कापावी कीं वळतांना ती सहज वांकणाऱ्या बाजूनें वांकेल. पट्टीचें शेवटचें टोंक कात्रीनें न कापतां हातानें फाडावें; फाटलेले तंतू चिकटवल्यावर सांधा दिसेनासा होतो.

नवशिक्यांचें काम विसकटतें तें वेटोळीं लहानमोठीं झाल्यामुळें. फुलाच्या पांच पाकळ्या पांच आकारांच्या झाल्या तर उत्तम रंगहि त्या फुलाला वांचवूं शकत नाहीं. यावर उपाय घरांतच सांपडतो. सर्व पट्ट्या सारख्या लांबीच्या, सुमारें तीस सेंटिमीटरच्या, घ्याव्या, आणि गुंडाळलेली सुरळी एखाद्या अंगठींत ठेवून उलगडूं द्यावी. ती अंगठीइतकीच फुलते, अधिक नाहीं. मग टोंक चिकटवून एका बाजूनें चिमटीनें दाबली कीं पाण्याचा थेंब, थेंबाचें टोंक किंचित् वळवलें कीं कोयरी, दोन्हीं बाजूंनीं दाबली कीं पान. एवढ्या तीन आकारांवर पुष्कळसें नक्षीकाम होतें. दुकानांत नाना तऱ्हेचीं यंत्रें मिळतात; त्यांवांचून कोणाचें अडूं नये.

अलीकडे या कलेला नवा बहर आला आहे तो मुख्यतः आठवणींच्या चौकटींमुळें. बारशाचें नांव, लग्नपत्रिका, वडिलांचें छायाचित्र यांभोंवतीं कागदी वेल काढून तसबीर करण्याची हौस शहरांतील घरांत दिसते. नांव लिहिण्याच्या बाबतींत देवनागरी लिपीला एक अनपेक्षित सोय आहे. रोमन अक्षरें सुटीं उभीं राहतात, त्यामुळें एखादें कलतें, एखादें सरकतें. देवनागरींत शिरोरेषेची एक लांब पट्टी आधीं पट्टीनें आंखून बसवली कीं बाकीचीं अक्षरें तिला टांगलींच म्हणून समजावीं. जोडाक्षरें मात्र घाई सहन करीत नाहींत.

आतां जी गोष्ट या छंदांत सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षिलेली आहे, ती पाहावयास हवी. चौकटींत जें ठेवावयाचें तें पुष्कळदां जगांत एकच असतें. आजीच्या हातचें पत्र दुसरें मिळत नाहीं. तें पत्र शोभेसाठीं पुठ्ठ्यावर डिंकानें चिकटवलें, वरून कांच दाबली आणि भिंतीवर उन्हांत टांगलें, तर प्रेमापोटीं केलेल्या त्या तसबिरींतच तें हळूहळू नष्ट होतें. लांकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदांत लिग्निन नांवाचा पदार्थ राहतो. उजेडानें व हवेनें तो पिवळा पडतो, आणि कागदांतील आम्ल तंतू तोडून त्याला ठिसूळ करतें. हलक्या पुठ्ठ्यांतील आम्ल शेजारच्या चांगल्या कागदांतहि झिरपतें. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद त्या मानानें दीर्घायुषी असतो. पुण्यास १९४० सालीं हातकागदाची संस्था निघाली, तेव्हांपासून असा कागद मराठी माणसाला अपरिचित राहिलेला नाहीं. तसबिरीच्या तळाला तो घ्यावा किंवा आम्लविरहित पुठ्ठा मागून घ्यावा.

मूळ पत्र चौकटींत घालूंच नये, हें सर्वांत बरें. त्याची चांगली छायाप्रत काढून ती सजवावी. मूळ प्रत चांगल्या कागदाच्या पाकिटांत, अंधाऱ्या व कोरड्या जागीं ठेवावी. प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांत गरम करून कायमचें बंद करण्याची जी पद्धत सर्रास रूढ झाली आहे, ती तर टाळावीच. तें आवरण पुढें काढतां येत नाहीं, आणि आंतला कागद त्याच्याशीं बांधला जातो.

कांच वेटोळ्यांना टेंकतां कामा नये. पावसाळ्यांत कोंकणांत व मुंबईंत कांचेच्या आंतल्या बाजूस दंव धरतें, आणि टेंकलेला कागद तिला चिकटतो. म्हणून पेटीसारखी खोल चौकट घ्यावी. कांच व काम यांमध्यें निदान अर्धा सेंटिमीटर पोकळी असावी. खळ वापरण्याचा मोह आवरावा, कारण पिठाच्या वासावर कसर येते. जुने बाइंडर खळींत मोरचूद घालीत, त्यानें कसर दूर राही हें खरें. परंतु तांब्याचे क्षार कालांतरानें कागदालाच तपकिरी करून खातात.

तसबीर बाहेरच्या ओल्या भिंतीवर न लावतां आंतल्या भिंतीवर लावावी, मागें चारी कोंपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावे म्हणजे हवा खेळते. खिडकीसमोरची जागा वर्ज्य. दर वर्षीं दिवाळीच्या सफाईंत ती उतरवून पाठीमागचा कागद कोठें सुटला आहे काय तें पाहावें, आणि पहिल्याच वेळीं पाठीवर पेन्सिलीनें लिहून ठेवावें: कोणासाठीं केली, कोणीं केली, कोणत्या दिवशीं, आणि मूळ पत्र घरांत कोठें ठेवलें आहे.