फोन हातात आला, पुढे काय झालं?

26 जानेवारी 1999 रोजी दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी एनआयआयटी या संगणक-प्रशिक्षण कंपनीच्या कुंपणभिंतीला भोक पाडून त्यात संगणक बसवला. शेजारच्या वस्तीतली मुलं कुणी न शिकवता माउस फिरवू लागली, चित्रं काढू लागली, इंटरनेटवर शिरली. दोन वर्षांनी अमेरिकेत लेखक मार्क प्रेन्स्की यांनी या पिढीला ‘डिजिटल नेटिव्ह’ म्हटलं. मुलांना हे सगळं आपोआप येतं, ही समजूत मग घरोघरी रुजली.

वर्गात शिकवणाऱ्यांना वेगळंच दिसत होतं. सायबर कॅफेच्या काळात प्रकल्पवहीसाठी मुलं इंटरनेटवर जायची ती बहुतेकदा कॅफेवाल्याच्या हातानं. मुलांनी विषय सांगायचा, त्यानं शोधून प्रिंट काढून द्यायची. जलप्रदूषणावरच्या निम्म्या वह्या शब्दन् शब्द सारख्या निघायच्या. शोधण्याचं, निवडण्याचं, म्हणजे खरं शिकण्याचं काम मुलांच्या वाट्याला येतच नव्हतं.

हे फक्त आपल्याकडचं नव्हतं. 2011 मध्ये ‘ईयू किड्स ऑनलाइन’ या संशोधकगटानं युरोपातल्या 25 देशांतल्या 9 ते 16 वर्षांच्या सुमारे 25,000 मुलांची पाहणी मांडली. आईवडिलांपेक्षा आपल्याला इंटरनेटचं जास्त कळतं, असं ठामपणे म्हणणारी मुलं 36 टक्केच निघाली. स्वतः ब्लॉग लिहिणारं तर दहांत जेमतेम एखादं.

मग 5 सप्टेंबर 2016 ला, नेमक्या शिक्षकदिनी, जिओ सुरू झालं आणि डेटा स्वस्त झाला. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी ते त्याआधीच वापरून दाखवले होते. पण 2020 च्या टाळेबंदीत शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवायला घेतला, तेव्हा कळलं की घरात फोन असणं वेगळं आणि तो मुलांच्या हाती असणं वेगळं. फोन वडिलांचा, तो त्यांच्याबरोबर सकाळीच कामावर जायचा. अभ्यास उघडायचा रात्री, तोही डेटा उरला असेल तर.

ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयोगटाची ‘असर 2023’ ही पाहणी शिक्षकांनी मुळातून वाचावी अशी आहे. जवळपास 90 टक्के घरांत स्मार्टफोन होता. फोन वापरता येणाऱ्यांपैकी तो स्वतःचा असलेले मुलगे 43.7 टक्के, मुली मात्र 19.8 टक्के. पाहणी करणाऱ्यांनी मुलांनाच फोन आणायला सांगून त्यावर कामंही करवून घेतली. यूट्यूबवर सांगितलेला व्हिडिओ बहुतेकांना सापडला. पण अमुक ठिकाणी पोचायला किती वेळ लागेल, हे गूगल मॅप्सवर पाहणं एक तृतीयांशाहून थोड्याच जास्त मुलांना जमलं. या कामांत मुली मागे पडल्या, आणि ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांनी सराव तरी कशावर करायचा? मुलीला फोन दिला तर बिघडेल, या भीतीची किंमत तिच्या शिक्षणातून वसूल होते आहे. पालकसभेत हे स्पष्ट बोललं गेलं पाहिजे.

पुढच्याच वर्षीच्या ‘असर’मध्ये 14 ते 16 वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 76 टक्क्यांनी आठवडाभरात समाजमाध्यमं पाहिली होती, अभ्यासासाठी फोन वापरलेली होती 57 टक्के. समाजमाध्यमांवर असलेल्यांपैकी प्रोफाइल खासगी कसं करायचं, हे 55 टक्क्यांच्या आसपास मुलांनाच ठाऊक होतं. अनोळखी माणसांपासून सावध राहायला लागणारी ही गोष्ट आठवीच्या संगणक तासिकेला दहा मिनिटांत शिकवता येते.

केरळनं यापुढचं पाऊल टाकलं. तिथल्या सरकारी आणि अनुदानित हायस्कुलांत 2018 पासून ‘लिट्ल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे गट आहेत. आठवीतली मुलं चाचणी देऊन त्यात येतात आणि मुक्त सॉफ्टवेअरवर ॲनिमेशन, प्रोग्रॅमिंग, मल्याळम टायपिंग शिकतात. शिकवायला त्यांच्याच शाळेतले शिक्षक असतात.