छोटा इलेक्ट्रिक ट्रक कुणाला परवडतो?



पावसाळा संपताना मला बेळगावहून एक फोन आला. आमच्या युनिटमधला एमटी ड्रायव्हर, हवालदार म्हणून निवृत्त होऊन नुकताच घरी परतलेला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे असे बरेच माजी सैनिक त्या भागात स्थायिक झालेले आहेत. म्हणाला, "साहेब, इलेक्ट्रिक छोटा ट्रक घेतोय. शोरूमवाले सांगतात, किलोमीटरला रुपया-दीड रुपया खर्च. ग्रॅच्युइटीचे पैसे आलेत. घेऊ ना?"

मी विचारलं, "रोज किती किलोमीटर चालवणार?"

तो म्हणाला, "ते काय साहेब, धंद्यावर आहे."

आजचा भाग या उत्तराबद्दल आहे. पेन्शन दरमहा येते, पण ग्रॅच्युइटी आयुष्यात एकदाच येते. ती गाडीत घालण्याआधी कोणता हिशेब मांडायचा, तो मी त्याला सांगितला, तोच तुम्हाला सांगतो. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, आकडे थोडे बदलतील, पद्धत बदलणार नाही.

किंमत उतरली आहे, हे खरं

२००५ साली टाटांनी एस बाजारात आणली आणि लोकांनी तिचं नाव 'छोटा हत्ती' ठेवलं. तिचा इलेक्ट्रिक अवतार मे २०२२ मध्ये जाहीर झाला, पण किंमत दहा लाखांच्या घरात होती. एक गाडी आणि एक ड्रायव्हर, तोही स्वतःच, अशा माणसाच्या आवाक्याबाहेरची ती गोष्ट. मग जून २०२५ मध्ये एस प्रो आली. पाऊण टन माल नेणारी ही गाडी पेट्रोलवर ३ लाख ९९ हजार, सीएनजी-पेट्रोल दोन्हींवर चालणारी ४ लाख ९९ हजार आणि इलेक्ट्रिक साडेसहा लाख, अशा सुरुवातीच्या शोरूम किमती होत्या. त्याच वर्षी युलर मोटर्सने एक टनाची इलेक्ट्रिक गाडी ५ लाख ९९ हजारांपासून आणली. म्हणजे तीन वर्षांत मोठी मजल मारली.

पण दुसऱ्या बाजूनेही हालचाल झाली. इलेक्ट्रिक गाड्यांवरचा जीएसटी २०१९ पासून ५ टक्केच आहे. पेट्रोल-डिझेलच्या मालवाहू गाड्यांवरचा २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. पेट्रोलची गाडी स्वस्त झाली, इलेक्ट्रिकची होती तिथेच राहिली. त्यामुळे आज आपण दोघींमधलं अंतर ढोबळमानाने तीन लाख धरू.

आता प्रश्न एवढाच: हे जादा तीन लाख रस्त्यावर वसूल होतात का?

किलोमीटरचा हिशेब

मी धरलेले आकडे सांगतो. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

पेट्रोल १०५ रुपये लिटर, भरलेली गाडी लिटरला साडेसतरा किलोमीटर देते. म्हणजे किलोमीटरला ६ रुपये.

इलेक्ट्रिक एस प्रोची बॅटरी १४.४ युनिटांची. कंपनी एका चार्जमध्ये १५५ किलोमीटर सांगते, पण तो चाचणीतला आकडा. माल भरून, गर्दीत, थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीला मी १०० धरतो. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, तीही धरली तर एका युनिटला सहा किलोमीटर. घरची वीज ८ रुपये युनिट असेल तर किलोमीटरला १ रुपया ३३ पैसे. आपण दीड धरू.

म्हणजे प्रत्येक किलोमीटरला साडेचार रुपये वाचतात. इंजिन ऑइल, क्लच, फिल्टर यांचा खर्चही वाचतो, पण महाग गाडीचा विमा जास्त येतो, म्हणून ती वजाबाकी मी तशीच सोडून देतो.

जादा तीन लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी मिळालं, तर त्याचा महिन्याचा हप्ता साधारण ६,६७० रुपये. याला साडेचारने भागा. महिन्याला १,४८० किलोमीटर. कामाचे दिवस २६ धरले तर रोज ५७ किलोमीटर. यापेक्षा कमी चाललात तर इलेक्ट्रिक गाडी तुमच्या खिशातून खाते. जास्त चाललात तर खिशात टाकते.

"पण साहेब, मी रोख घेणार," हवालदार म्हणाला. रोख पैसाही फुकटचा नसतो. तो बँकेत ठेवला असता तर साडेसहा टक्के व्याज आलं असतं, आणि गाडी झिजते तसं भांडवलही झिजतं. तो हिशेब केला तरी रोज ५० किलोमीटर लागतातच.

तीन गोष्टी हा आकडा बिघडवतात

पहिली, कर्ज. पेट्रोल-डिझेलचा टेम्पो हप्ते थकल्यावर उचलून आणला तर कितीला विकला जाईल, हे कर्ज देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. पाच वर्षं चाललेल्या इलेक्ट्रिक गाडीचा जुना बाजार अजून पुरता बसलेला नाही. बॅटरीत किती जीव उरला, हे बाहेरून कळत नाही. म्हणून सावकार दोन उपाय करतो: व्याज वाढवतो आणि मुदत कमी करतो. तेच तीन लाख १६ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता १०,५५० वर जातो. वसुलीला रोज ९० किलोमीटर लागतात. गाडीची भरल्या मालाची धाव १००. म्हणजे रोज बॅटरी जवळजवळ रिकामी होईपर्यंत पळायचं, तेव्हा कुठे पेट्रोलच्या गाडीशी बरोबरी.

दुसरी, प्लग. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगमधून रात्रभरात ही बॅटरी आरामात भरते. पण गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने काय करायचं? त्याला बाहेरच्या चार्जरवर जावं लागतं. तिथे युनिट १८ रुपये धरलं, तर किलोमीटरला ३ रुपये पडतात, बचत साडेचारवरून तीनवर येते आणि ५७ चे ८५ किलोमीटर होतात. शिवाय चार्जरपाशी ताटकळण्यात वेळ जातो, तो वेगळा.

तिसरी, सीएनजी. तुमच्या गावात पंप असेल आणि रांग फार नसेल, तर तुलना पेट्रोलशी करूच नका. सीएनजी ८० रुपये किलो आणि किलोला २२ किलोमीटर धरले, तर खर्च ३ रुपये ६० पैसे. मग इलेक्ट्रिकची बचत दोन रुपयांच्या आसपास उरते. किमतीतलं अंतर दोन लाख धरलं, तरी कर्जाच्या त्याच चांगल्या अटींवर रोज ८० किलोमीटर लागतात.

खालची रेघ आणि वरची रेघ

म्हणजे बघा, या गाडीला दोन रेघा आहेत. खालची रेघ वसुलीची: ती ५७ वर असेल, ८० वर असेल किंवा ९० वर. वरची रेघ बॅटरीची: १०० च्या आसपास, आणि वर्षं जातील तशी ती थोडी-थोडी खाली सरकणार. तुमचं रोजचं काम या दोन रेघांच्या मध्ये बसलं पाहिजे.

नाक्यावर उभा राहून भाड्याची वाट पाहणाऱ्याचं इथेच अडतं. एक दिवस घरसामानाची दहा किलोमीटरची वर्दी, दुसऱ्या दिवशी काहीच नाही, तिसऱ्या दिवशी दीडशे किलोमीटर. त्याची सरासरी कदाचित मध्ये बसेल, पण त्याचे दिवस बसत नाहीत. उलट ज्या कंपनीकडे घरपोच मालाचं ठरलेलं काम आहे, स्वतःचं आवार आहे आणि बँकेत पत आहे, तिला हीच गाडी, याच किमतीत, सहज परवडते. किंमत दोघांना सारखीच. फरक रोजच्या कामाच्या खात्रीचा.

सरकारी मदत कुणाला?

पीएम ई-ड्राइव्ह योजना १०,९०० कोटींची, त्यात इलेक्ट्रिक ट्रकसाठी ५०० कोटी. ऐकायला छान वाटतं. पण ही ट्रकची मदत साडेतीन टनांहून जास्त एकूण वजनाच्या गाड्यांना आहे, एका गाडीला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार, आणि त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. आपला छोटा हत्ती त्या तराजूत हलका पडतो.

माझ्या मते छोट्या गाडीमालकाला सबसिडीपेक्षा बरं कर्ज जास्त उपयोगी आहे. आकडाच बघा. १६ टक्के-तीन वर्षं याऐवजी १२ टक्के-पाच वर्षं मिळालं, तर हप्ता ३,८८० रुपयांनी उतरतो. जुन्या अटींवर एवढाच हप्ता उतरवायचा, तर किंमत १ लाख १० हजारांनी कमी करावी लागेल. मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, आणि मालवाहू गाडी त्यात बसते. म्हणून शोरूममधल्या टेबलावर मिळेल त्या कर्जावर सही करण्याआधी ज्या बँकेत पेन्शन येते, तिथे एकदा जाऊन विचारा.

कार डायरी

आता हवालदाराचं काय झालं ते सांगतो. सैन्यात प्रत्येक गाडीची कार डायरी असते. कुठून कुठे, किती किलोमीटर, किती तेल, सगळं लिहायचं. मी त्याला म्हटलं, "नोकरीभर सरकारी गाडीची डायरी लिहिलीस. आता एक महिना स्वतःच्या पोटाची लिही." मेहुण्याचा जुना डिझेल टेम्पो त्याने महिनाभर चालवला आणि रोज रात्री लिहिलं.

डायरीत निघालं ते असं. २६ दिवसांपैकी ४ दिवस चोर्ला घाट उतरून गोव्याला भाजी. पणजी एका बाजूनेच शंभर किलोमीटरच्या पुढे, म्हणजे वाटेत चार्ज केल्याशिवाय इलेक्ट्रिकचं काम नाही. उरलेले २२ दिवस मार्केट यार्ड आणि शहर, सरासरी ३८ किलोमीटर. महिन्याला ८३६. त्यावर बचत ३,७६०, आणि रोख घेतली तरी हवे होते जवळपास ५,९००. तो फोनवर थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बरं झालं साहेब, आधी लिहिलं."

गाडी त्याने पुढे ढकलली आणि काम शोधलं. दोन महिन्यांनी दुधाच्या पिशव्यांची लाइन मिळाली: सकाळ-संध्याकाळ मिळून ६४ किलोमीटर, रविवारीसुद्धा, आणि वर्षभराचं लेखी पत्र. दूध सुट्टी घेत नाही. ३० दिवसांचे १,९२० किलोमीटर, बचत ८,६४०. घराला अंगण आहे, तिथे प्लग बसवला. तेव्हा त्याने इलेक्ट्रिक घेतली. किमतीतली निम्मी रक्कम स्वतःची, निम्मी पेन्शनच्या बँकेची. गोव्याची भाजी मेहुण्याकडेच राहिली. उरलेली ग्रॅच्युइटी मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवली आहे. दुधाची लाइन सुटली तर काय, ही धास्ती त्याला आहे, आणि ती असलेली बरी.

तुमच्यापैकी कुणी अशी गाडी घ्यायच्या विचारात असेल, तर शोरूममध्ये जाण्याआधी शंभर पानी वही घ्या. भाड्याच्या किंवा ओळखीच्या गाडीवर एक महिना चालवा. रोजचे किलोमीटर लिहा, सर्वांत लांबची फेरी लिहा, रात्री गाडी कुठे उभी राहते ते लिहा. महिनाअखेर आकडा खालच्या रेघेच्या वर आणि वरच्या रेघेच्या आत आला, तर खुशाल घ्या. नाही आला, तर पेट्रोल-सीएनजीचा जुना टेम्पो चालवण्यात कसलाही कमीपणा नाही. काम बदललं की हिशेब पुन्हा मांडा, वही तीच चालेल.

जय हिंद.