बफ, निकेल आणि क्रोमचा पापुद्रा

प्रदर्शनात मांडलेल्या जुन्या मोटारीचे बॉनेट उघडल्यावर व्हॉल्व्ह कव्हर, कार्ब्युरेटर, टायमिंगचे झाकण आणि धुराचे पाइप ज्या तेजाने झळकतात, त्या तेजाचे श्रेय पाहणारा बहुधा क्रोमला देतो. हे श्रेय चुकीच्या ठिकाणी जाते. शोभेच्या मुलाम्यात क्रोमचा थर साधारणपणे पाव ते अर्धा मायक्रॉन जाडीचा असतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग हे लक्षात घेतले, तर एवढ्या पातळ पापुद्र्याला स्वतःची सपाटी किंवा स्वतःचा गुळगुळीतपणा असणे शक्य नाही हे उघड होते. खाली जे असेल तेच तो दाखवतो. खाली ओरखडा असेल तर ओरखडा, आणि खाली आरसा असेल तर आरसा. तो आरसा क्रोमच्या टाकीत तयार होत नाही. तो बऱ्याच अंशी त्याआधी, कापडाच्या फिरत्या चाकावर, एका माणसाच्या हातून तयार झालेला असतो.

हे चाक, ज्याला कारागीर ‘बफ’ म्हणतात, सुती कापडाच्या चकत्या एकावर एक रचून व शिवून केलेले असते. वर्धा जिल्ह्यातील देवळीसारख्या गावातून या कामाकडे पाहताना ही गोष्ट विशेष लक्षात राहते, कारण देवळी तालुका कापसाचा आहे आणि याच तालुक्यातल्या पुलगावला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडगिरणी उभी राहिली होती. जिल्ह्याचा गाड्यांशीही जुना संबंध आहे: वर्ध्याच्या ज्या बच्छराज घराण्यात जमनालाल बजाज दत्तक आले, त्याच घराण्याच्या नावाने १९४५ मध्ये स्थापन झालेली व्यापारी कंपनी पुढे बजाज ऑटो झाली. आज देवळीत औद्योगिक वसाहत आहे, पोलादाचे कारखाने आहेत, आणि तुळजापूरहून बुटीबोरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावावरून जातो. मात्र पॉलिश आणि मुलामा या दोन कामांत मोठा फरक आहे. एक मोटर, काही बफ आणि जाणता हात एवढ्यावर पॉलिशचे दुकान कोणत्याही तालुक्याच्या गावी चालू शकते. मुलाम्याला मात्र आम्लाच्या टाक्या, एकदिश प्रवाह देणारा रेक्टिफायर, सांडपाणी शुद्ध करण्याची सोय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, कारण विद्युत्‌विलेपन, म्हणजे विजेच्या साहाय्याने एका धातूवर दुसऱ्याचा थर चढवणे, हा उद्योग सर्वाधिक प्रदूषणकारी अशा लाल वर्गात मोडतो.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ याने १७९७ मध्ये सायबेरियातून आलेल्या एका तांबड्या खनिजात क्रोमियम ओळखले. त्याच्या संयुगांचे रंग फार निरनिराळे असल्यामुळे ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. पण या धातूचा भरवशाचा मुलामा देता येण्यासाठी १९२४ साल उजाडावे लागले, जेव्हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी व्यवहारात चालणारी प्रक्रिया बसवली. त्यापूर्वीच्या मोटारींवर निकेल होते, जे पिवळसर पडते आणि वारंवार घासावे लागते. महाराष्ट्रात वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट व पुढच्या प्रीमियर पद्मिनी गाड्यांच्या बंपरांनी आणि समोरच्या जाळीने क्रोम घराघरांत ओळखीचे केले. या धातूचे मूळ खनिज क्रोमाइट भारतात मुख्यतः ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात सापडते. विदर्भात भंडारा जिल्ह्यातील पवनीच्या परिसरातही त्याचे छोटे साठे आहेत.

खरा रस आहे तो बफमध्ये. विजेच्या साध्या मोटरवर मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेणारा दहा इंच व्यासाचा बफ आपल्या कडेपाशी सेकंदाला ३७ मीटर, म्हणजे ताशी १३० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो. थांबलेला असताना हाताने सहज दुमडता येणारे हे कापड त्या वेगात ताठ होते, आणि तरीही वस्तूच्या वळणाप्रमाणे किंचित दबते. कडक आणि मऊ अशा दोन गुणांचा हा मेळ दुसऱ्या कोणत्याही साधनात एवढ्या स्वस्तात मिळत नाही. कापड स्वतः धातू कापत नाही. कापण्याचे काम चाकाच्या कडेला लावलेल्या कांडीतले बारीक कण करतात, आणि मेण किंवा चरबी यांत घोटलेल्या या कांडीला कारखान्यातली माणसे साबण म्हणतात. तपकिरी साबण ओरखडे काढतो, पांढरा चमक आणतो, हिरवा पोलादासारख्या कठीण धातूंसाठी असतो. आणि हिरव्या साबणातला रंगीत कण म्हणजे क्रोमियमचे ऑक्साइड, त्यामुळे क्रोमची टाकी दिसण्यापूर्वीच क्रोमियम या कामात हजर झालेले असते.

बफ लावण्याआधी बरेच घासकाम होते. ओतीव ॲल्युमिनियमच्या झाकणावर वाळूच्या साच्याची खडबड असते, ती आधी जाड कुरुंदाच्या पट्ट्याने काढतात, मग १२०, १८०, २४०, ३२०, ४०० असे क्रमाने बारीक होत जाणारे दाणे वापरतात. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा आधीच्या दिशेला काटकोनात ठेवायची असते, कारण असे केले तरच आधीच्या दाण्याचे ओरखडे पूर्ण गेले की नाही हे नजरेला कळते. घाईने एक टप्पा गाळला, तर जाड ओरखडा बफखाली दबतो, चमकतो आणि दिसेनासा होतो, आणि मुलाम्यानंतर, जेव्हा दुरुस्तीचा मार्ग उरलेला नसतो तेव्हा, पुन्हा वर येतो. ओतीव धातूचा आणखी एक हट्ट असा की त्याची वरची साल घट्ट असते पण आतला गाभा सच्छिद्र असू शकतो. जितके जास्त घासावे तितकी बारीक छिद्रे उघडी पडतात. अशा वेळी बफ जोराने दाबला तर तापलेला, मऊ पडलेला धातू छिद्रावरून ओढला जातो आणि प्रत्येक छिद्रामागे शेपूट उमटते. कुशल कारागीर इथे दाब वाढवत नाही, साबण बदलतो, वस्तूची दिशा फिरवत राहतो आणि कुठे थांबायचे ते ठरवतो. कामातला सर्वांत अवघड निर्णय हाच असतो.

वस्तू धरण्याची रीतही शिकावी लागते. चाकाच्या मध्यरेषेच्या खाली, समोरच्या बाजूला वस्तू टेकवायची, म्हणजे ती निसटली तर खाली फेकली जाईल, तोंडावर येणार नाही. आणि वस्तूची धार नेहमी अशी ठेवायची की चाक धारेवरून बाहेर निघून जाईल, धारेला समोरून भिडणार नाही. चाक धारेला भिडले की वस्तू हातातून हिसकली जाते आणि अनेक तासांचे काम क्षणात वाकते. झिजत जाऊन दहाचा सहा इंच झालेला बफ फेकून देत नाहीत. त्याच्या कडेचा वेग सेकंदाला २२ मीटरपर्यंत उतरलेला असल्यामुळे तो कापायला कमी पडतो, पण तेवढाच तो बोल्टच्या बैठकीभोवतीच्या अरुंद जागांत आणि खोबणीत उपयोगी पडतो. ही सारी माहिती कागदावर फारशी नसते. ती मनगटात असते, आणि म्हणूनच एका इंजिनाचे काम दोन कारागिरांनी वाटून केले तर दोन झाकणांच्या कडा शेजारी ठेवल्यावर निराळ्या दिसतात.

त्यानंतरची प्रक्रिया रसायनाची. तांब्याच्या भांड्याला कल्हई करताना कथील वितळून पृष्ठभागावर पसरते आणि लहानसहान दोष झाकते. विजेच्या मुलाम्यात तसे घडत नाही, तिथे वस्तू ऋणाग्र होते आणि द्रावणातले धातूचे अणू तिच्यावर एकेक करून बसतात. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणार्धात ऑक्साइडची साय धरत असल्यामुळे त्याला आधी जस्ताच्या द्रावणात बुडवावे लागते, मग तांबे, तांब्यावर पुन्हा बफ, आणि त्यावर निकेल. १९१६ मध्ये ऑलिव्हर वॉट्स यांनी सुचवलेले निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्ल यांचे मिश्रण आजही या टाकीचा पाया आहे, आणि त्यात चमक आणण्यासाठी घातल्या जाणाऱ्या पदार्थांत साखरेऐवजी वापरले जाणारे सॅकरिनही असते. गंजापासून बचाव आणि पांढरे तेज या दोन्हींचा मोठा वाटा या निकेलचा असतो. वरचे क्रोम त्याला पिवळे पडू देत नाही आणि किंचित निळसर झाक देते.

क्रोमची टाकी मात्र विलक्षण हट्टी आहे. लिटरला सुमारे २५० ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड आणि त्याच्या शंभराव्या भागाइतके गंधकाम्ल एवढेच तिचे घटक, पण हे प्रमाण बिघडले की थर बसत नाही किंवा धुरकट बसतो. तिला दिलेल्या विजेतला जेमतेम दहा ते वीस टक्के भाग धातू बसवण्यात खर्ची पडतो; उरलेल्यातून मुख्यतः हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. शिवाय क्रोम खोलगट जागी जाण्यास तयार नसते, त्यामुळे इंजिनाच्या पंखांच्या बाहेरच्या कडा निळसर झळकतात आणि खोबणीच्या तळाशी पिवळसर निकेल उघडे राहते. त्याच हायड्रोजनचे काही अणू कठीण पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतात, म्हणून जोर पेलणाऱ्या बोल्टना व स्प्रिंगांना शोभेसाठी क्रोम देऊ नये, आणि दिलेच तर ते १९० ते २२० अंश सेल्सियसला काही तास भाजून घ्यावे, हा नियम प्रदर्शनाच्या हौसेत विसरला जाता कामा नये.

बुडबुडे केवळ वीज वाया घालवत नाहीत. पृष्ठभागावर फुटताना ते आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत सोडतात, आणि या तुषारांतले क्रोमियम षट्संयुजी, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेतले, असते. त्याने कातडीवर खोल व्रण पडतात, नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडते, आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही क्रोमच्या व्रणांना नोंद करण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत स्थान दिले होते. शोभेच्या क्रोमची टाकी साधारण ४० ते ५० अंशांवर चालते, आणि वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. अशा हवेत रबरी हातमोजे, झगा आणि मुखवटा दिवसभर अंगावर ठेवणे किती कठीण आहे, याचा विचार नियम लिहिणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. टाकीच्या काठावरून हवा ओढून घेणारी व्यवस्था कामगाराच्या सहनशक्तीवर अवलंबून नसते, म्हणून तिला पर्याय नाही.

पाण्याचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. वस्तू धुतलेले पिवळे पाणी आधी आम्लधर्मी करून सोडियम मेटाबायसल्फाइटने त्यातले षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी करावे लागते, मग चुना घालून हिरवट गाळ खाली बसवावा लागतो. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. धुण्याच्या पाण्यात टाकीतले एक लिटर द्रावण मिसळले आणि शुद्धीकरण झाले नाही, तर त्यातले क्रोमियम या मर्यादेत आणायला दहा लाख लिटरहून अधिक पाणी लागेल. ज्या यशोदा नदीच्या खोऱ्याचे पुनरुज्जीवन देवळीसह जिल्ह्यातील गावांनी कष्टाने केले, तिथे अशी एक चूकही परवडणारी नाही. गाळ तर धोकादायक कचरा ठरतो, आणि विदर्भात त्याची रीतसर विल्हेवाट लावणारे केंद्र बुटीबोरीला आहे.

युरोपीय संघात २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये शोभेच्या षट्संयुजी क्रोमला २०२७ पासून बंदी ठरवली. त्रिसंयुजी क्रोमची टाकी हा उपलब्ध पर्याय आहे. ती षट्संयुजी क्रोमियमचे तुषार सोडत नाही आणि खोबणीतही बरी पोहोचते, पण परक्या धातूंच्या अंशाने लवकर बिघडते आणि तिचा रंग थोडा गडद येतो. जुन्या बंपरशेजारी नवे झाकण ठेवल्यावर हा फरक दिसतो, एवढ्याच कारणाने हौशी मालक ती नाकारतात. हे कारण एखाद्या कामगाराच्या नाकाच्या पडद्यापेक्षा मोठे मानता येत नाही. इंजिनाच्या ॲल्युमिनियम झाकणांपुरते तर मुलाम्याची गरजच नाही: चांगले बफ केलेले उघडे ॲल्युमिनियम, अधूनमधून पुसले तर, क्रोमइतके निळे नसले तरी अधिक खोल दिसते, आणि जुन्या बुलेटच्या इंजिनाची झाकणे कारखान्यातून तशीच येत असत.

पण केवळ बफवर थांबल्याने धोका संपतो असे नाही. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधील कुनशान येथे मोटारींच्या ॲल्युमिनियम चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात साचलेल्या धुळीचा स्फोट झाला. सुरुवातीलाच ७५ कामगार दगावले आणि पुढे मृतांची संख्या १४६ वर गेली. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत पसरली की ठिणगी पुरते, आणि ज्या बफवर सकाळी पोलादाचे पाइप घासले त्याच यंत्रावर दुपारी ॲल्युमिनियम घेतले तर ठिणगी आणि धूळ दोन्ही एकाच नळीत जमतात. दोन्ही धातूंसाठी वेगळी यंत्रे, धूळ ओढणारी वेगळी नळी आणि रोजची झाडलोट एवढी तजवीज पुरेशी असते. मात्र दोन-तीन माणसांचे पॉलिशचे दुकान कामगारांच्या संख्येच्या अटीमुळे कारखान्याच्या व्याख्येत सहसा बसत नाही, आणि त्याला टाकीही नसल्यामुळे मुलाम्याच्या कारखान्यावर असते तशी प्रदूषण मंडळाची देखरेख त्याच्यावर नसते. त्यामुळे ती नळी बसवायची की नाही, हे मालक एकटाच ठरवतो.