रंगाखालची ओल

बेळगावचा पाऊस आम्हाला नवा नाही. आषाढ-श्रावणात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढुरकी बुरशी चढते. त्यामुळे गेल्या वर्षी गणपतीला बेंगळुरूहून टिळकवाडीतल्या घरी आलो आणि आईच्या खोलीत भिंतीवर ताटाएवढा काळपट डाग दिसला, तेव्हा मी फारसा विचार केला नाही. "पावसाची ओल ती, असू दे की," आई म्हणाली. पाहुणे येणार म्हणून मी डाग घासला आणि वर रंगाचे दोन हात मारले.

दिवाळीला परत आलो तेव्हा पाऊस सरून पंधरवडा झाला होता. डाग मात्र रंगातून वर आला होता आणि पलंगाच्या उशापर्यंत पसरला होता. खोलीला कोंदट वास येत होता. रात्री आईचा खोकला ऐकला. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाली, "झाले दोन महिने. तू कामात असतोस, उगाच कशाला सांगायचं?" खोकल्याची उबळ आली की ती फोन ठेवून देत होती, हे मला तेव्हा कळलं.

प्रोग्रॅममधली चूक न शोधता नुसता एररचा मेसेज लपवला, तर ऑफिसात मी ज्युनियर मुलांना रागावतो. घरी मी तेच केलं होतं.

मग नीट शोध घेतला. भिंतीवर फूटभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावलं. दोन दिवसांनी त्याच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले होते. म्हणजे ओल हवेतली नव्हती, भिंतीतून येत होती. पलीकडे बाथरूम. रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीतलं पाणी काठीने मोजलं; सकाळी ते चार बोटं उतरलं होतं. प्लंबरने दोन फरश्या फोडल्या तर आत जुन्या लोखंडी पाइपाचा जोड गंजून थेंब-थेंब गळत होता.

पाइप बदलला, पण गिलावा लगेच केला नाही. फुगलेला गिलावा विटेपर्यंत खरवडला आणि खिडक्या उघड्या ठेवून, पंखा लावून तीन आठवडे भिंत वाळू दिली. तोवर आई हॉलमध्ये झोपली. तिला डॉक्टरांकडेही नेलं. ओल आणि बुरशीने खोकला वाढू शकतो, असं त्यांनीही सांगितलं.

अवघड गेलं ते गादीचं. ती बाबांनी भरून आणलेली. आई म्हणत होती, ऊन दाखवू. पण कापसात शिरलेली बुरशी पुरती निघत नाही. शेवटी गादी गेली. तिची खोळ आईने गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवली आहे.

तुमच्या घरी असा डाग दिसला, तर एवढं लक्षात ठेवा:

• आधी पाणी थांबवा, मग भिंत वाळवा आणि शेवटी रंग. ओल्या जागी एक-दोन दिवसांतही बुरशी धरू शकते.
• साफ करताना एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घाला. कोरडी बुरशी झाडू नका, तिचे कण घरभर उडतात.
• फरशी, काच साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा.
• ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.
• डाग मोठा असेल, किंवा घरात कुणाला दमा असेल, तर जाणकार माणसाला बोलवा.
• कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, मागे वारा खेळू द्या.

आईचा खोकला थांबायला संक्रांत उजाडली. आता दर रविवारी फोनवर मी तिला भिंतीला हात लावून बघायला सांगतो. "कोरडी आहे की रे," ती म्हणते. तरी मी लगेच फोन ठेवत नाही. थोडा वेळ बोलत राहतो, खोकला येतो का ते ऐकत.