दिसतो तो बिघडलेलाच

मालवण-वेंगुर्ल्याकडे तंबाखू लावायची सवय जुनी. तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती मशेरी बोटाने दातांना घासायची. दातांसाठी म्हणून सुरू होते, मग दिवसातून कितीदा बोट डबीत जाते याचा हिशेब राहत नाही. हिरडी आणि गालाच्या आतल्या पेशींचा डीएनए दुखावतो तो इथे. अशा वेळी कामाला येते पी-५३ हे प्रथिन.

सतराव्या गुणसूत्रावरच्या टीपी-५३ जनुकातून ते घडते. लांबी ३९३ अमिनो आम्लांची. निरोगी पेशीत मात्र ते जवळजवळ नसतेच. तयार झाले की एमडीएम-२ हे दुसरे प्रथिन काही मिनिटांत त्याची विल्हेवाट लावते. उधळपट्टीच वाटावी! पण डीएनएला इजा झाली की ही विल्हेवाट थांबते, पी-५३ साठते आणि पेशीचे विभाजन रोखते. दुरुस्ती जमली तर ठीक, नाहीतर पेशीला मरायला लावते.

१९७९ मध्ये लंडनला डेव्हिड लेन आणि प्रिन्स्टनला आर्नल्ड लेव्हिन यांना ते सापडले. गाठींच्या पेशींत ते ढिगाने दिसे, म्हणून दहा वर्षे तेच कर्करोगाचे कारण मानले गेले. १९८९ मध्ये बर्ट फोगलस्टाइन यांच्या गटाने आतड्याच्या गाठी तपासल्या आणि आरोपी निर्दोष ठरला. गाठींत ढिगाने दिसणारे पी-५३ बिघडलेले असते; त्याची विल्हेवाट लागत नाही, म्हणून ते साचते. पॅथॉलॉजिस्टच्या काचपट्टीवर पी-५३ साठीच्या रंगाने पेशीकेंद्रे गडद तपकिरी रंगली, तर तिथला त्याचा पहारा बहुधा मोडलेला असतो. नावातले ५३ सुद्धा चुकीचेच. खरे वजन ४४ हजार डाल्टनच्या आसपास.

मुंबईचे पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर यांच्या काळी हे काहीच ठाऊक नव्हते. तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग यांची सांगड त्यांनी तरीही घातली. त्यांनी उभी केलेली परळची संशोधन संस्था पुढे खारघरला ॲक्ट्रेक झाली. २०१३ मध्ये ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या जनुकसंशोधन संस्थेने हिरडी-गालाच्या कर्करोगाच्या ५० रुग्णांच्या जनुकांचे वाचन प्रसिद्ध केले. वारंवार बिघडलेल्या जनुकांत टीपी-५३ होतेच.

गावच्या तपासणी शिबिरात हे जनुक कोणी वाचत नाही. तिथे टॉर्च लावून गालाच्या आतला पांढरा चट्टा बघतात. टीपी-५३ चा बिघाड काही वेळा त्या चट्ट्यातही आधीच झालेला असतो.